दोन पावलांची बाग

"अहो, पाय दिलात माझ्यावर!"

ती दचकून मागे सरली आणि खऱ्या खोलीतल्या खाटेवर धप्पकन बसली. डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा, चष्म्यात दिसणारी खोटी बाग, बागेत तळं, तळ्याकाठी हसणारा एक अनोळखी माणूस... आणि पाय तर कुणालाच नव्हते! त्या बागेत माणसं कमरेपर्यंतच असायची.

"कुठे आहेत पाय?" तिने विचारलं.

"तेच शोधतोय मघापासून."

हसली बाई. किती दिवसांनी, कोण जाणे.

चष्मा धाकट्या भावाने पाठवला होता. "ताई, स्वस्तातला आहे, पण कॉम्प्युटर नको, वायर नको. नुसतं वाय-फाय. घरबसल्या चार माणसांत जाशील." दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या, संध्याकाळी घराचं कुलूप उघडायचं. मग बोलायचं कुणाशी, कुकरशी?

चष्मा घातला की आधी जमिनीवर रेघ आखायची, मोकळी जागा किती ते दाखवायला. रेघ ओलांडली की समोर निळी जाळी. तिची रेघ दोन पावलांतच संपायची. हातातल्या रिमोटची कांडी ढकलून बागेत सरकता यायचं, पण तिला त्याने गरगरायचं. म्हणून रोज तो तळ्याकाठचा माणूसच तिच्यापाशी यायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा होता, दोन तासांवरच्या गावातला.

"दोनच पावलं कशी हो तुमची?"

"खाट आहे मध्ये. बाबांची."

"अरेच्चा... झोपलेत का?"

"...हं."

एवढंच. एक 'हं'. पण त्या दिवसापासून तो हळू आवाजात बोलायला लागला. आला की आधी विचारायचा, "बाबा जेवले?"

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. खाट मात्र तिच्याने हलवेना. दर रविवारी ती चादरसुद्धा बदलायची. आणि आता कुणीतरी रोज त्यांची चौकशी करत होतं, त्यांच्यासाठी आवाज खाली आणत होतं... खरं सांगायला जीभच रेटेना.

चार महिन्यांनी तो म्हणाला, "रविवारी येऊ? बाबांना काहीतरी विचारायचंय."

"काय?"

"ते त्यांनाच विचारणार. तुम्हाला कशाला सांगू?"

तिने चष्मा काढला तो तीन दिवस घातलाच नाही. सांगितलं तर खोटारडी ठरणार, नाही सांगितलं तर रविवारी तो दारात उभा. आणि त्याने बोलणंच तोडलं तर? पुन्हा तेच कुलूप, तोच कुकर. घर तिला नुसतं खायला उठलं.

शनिवारी तिने शेजारच्या काकूंना हाक मारली. "काकू, खाटेला जरा हात लावता?"

"कधीची वाट बघतेय मी," काकू म्हणाल्या आणि बाह्या सरसावून आल्या. खाट गॅलरीत गेली. काकू फडकं आणायला घरी गेल्या. फरशीवर खाटेच्या पायांचे चार डाग उरले होते. त्यांच्या मधोमध बसून ती पोटभर रडली. मग उठली, डोळे पुसले, नवी रेघ आखली.

तळ्याकाठी तो एकटाच होता. ती चालायला लागली. एक... दोन... जाळी आली नाही. तीन. चार. पाच.

"अगं—" तो पहिल्यांदाच एकेरीवर आला, पण आवाज तसाच, हळू. "अगं, खाट?"

"काढली. बाबा... वर्षापूर्वीच गेले. खोटं बोलले मी. तुम्ही हळू बोलायचात ना, तेव्हा वाटायचं, आहेत ते घरात. चिडा, काय हवं ते बोला."

तो तिच्याजवळ सरकला.

"म्हणजे चार महिने मी उगाच घसा दाबून बोललो?"

"उगाच नाही," ती म्हणाली. "मला फार बरं वाटायचं."

तो म्हणाला, "आता मोठ्याने बोललं तर चालेल?"

चष्म्याआड तिने डोळे घट्ट मिटले. "बोला."

"उद्या येतोय मी!" तो इतक्या जोरात ओरडला की तळ्यापलीकडची माणसं वळून बघायला लागली. "बाबांना जे विचारायचं होतं, ते तुलाच विचारतो! माझ्याशी लग्न करशील?"

आवाज चष्म्याबाहेर सांडला, रिकाम्या खोलीत घुमला. फडकं घेऊन परतलेल्या, गॅलरीत खाट पुसणाऱ्या काकूंचा हात थांबला.

"अगं बये, हो म्हण की!"

ती हो म्हणाली. चांगलं मोठ्याने.