डिकीतलं फावडं

दार नीट लाव, शिबुया. वारा आत आला की या शेगडीचं काही चालत नाही. ट्रक काढायचा हुकूम येईपर्यंत बसायचंच आहे, तर एक विचारतो. तुमच्या स्वतःच्या गाडीत फावडं कुठं असतं?

डिकीत. वाटलंच मला. आणि मिझुहो, तुझं? ... तुझंही. धन्य आहे. दोघं रस्त्यावरचा बर्फ काढायच्या नोकरीला लागलात आणि फावडी डिकीत.

मग ऐका. ही गोष्ट माझ्या शेजारी राहायचा त्या सामेजिमाची. आता तो इथं नाही, दक्षिणेला आपल्या गावी परत गेला, कागोशिमाला. खोटं वाटत असेल तर नंबर देतो, विचारा. फक्त अंधार पडल्यावर लावू नका, तो उचलत नाही.

सामेजिमा दूध काढायच्या यंत्रांचा मेकॅनिक. कंपनीनं त्याची बदली इथं ओतानाईला केली. बायको शहरातल्या दवाखान्यात नर्स, आणि कोनात्सु नावाची सहा वर्षांची पोरगी. ही पोरगी म्हणजे त्याचा जीव की प्राण. माणूस वाईट नव्हता, पण महासंशयी. आल्याच्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून पोतंभर बटाटे नेऊन दिले, तर आभार मानायच्या आधी विचारतो, "का बरं?" आता बटाटे का देतात, यावर माणूस काय सांगणार?

नोव्हेंबरात मीच त्याला शहरातल्या मोठ्या दुकानात घेऊन गेलो. हिवाळ्यात गाडीत काय काय ठेवायचं ते दाखवायला. त्यानं बर्फ आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. गाडी ओढायचा दोर, बॅटरीच्या केबली, घोंगडी, कपाळाला बांधायची बत्ती, खिशात ठेवायच्या गरम पुड्या, चाकाखाली टाकायच्या वाळूच्या पिशव्या. एकेक वस्तू उचलायचा, उलटीपालटी करायचा आणि माझ्याकडे बघायचा.

"ओनोदेरासान, हे सगळं खरंच लागतं, की नव्या माणसाला घाबरवायची इथली पद्धत आहे?"

"दोन्ही," मी म्हणालो.

फावड्यापाशी तर तासभर गेला. त्याला ते घडीचं हवं होतं, छोटंसं, पिशवीतलं. मी म्हटलं, ते खेळणं आहे, पहिल्याच ढिगाऱ्यात मान टाकेल. ॲल्युमिनियमचं रुंद अंगणासाठी. गाडीत हवं ते आखूड दांड्याचं, पोलादी, टोकदार. वाऱ्यानं दाबून बसवलेला बर्फ दगडासारखा होतो, त्यात टोकच शिरतं. त्यानं ते घेतलं. मग मी मुद्द्याचं सांगितलं. हे डिकीत नाही ठेवायचं. मागच्या सीटवर, हाताशी.

"माझ्या पोरीशेजारी लोखंडी फावडं? करकचून ब्रेक लागला म्हणजे?"

"पट्ट्यानं बांध."

"आणि बाहेरून दिसलं की कुणी काच फोडून नेईल."

"ओतानाईत? फावडं?"

"सांगता येत नाही," म्हणाला. आणि एक झाकणाचा मोठा डबा विकत घेतला. दोर, बत्ती, घोंगडी, सगळं त्या डब्यात शिस्तीत रचलं. फावडं डिकीच्या पार तळाला, वर तो डबा, डब्यावर वाळूच्या पिशव्या. झाकण लावलं, कुलूप केलं. बघा म्हणाला, कसं व्यवस्थित बसलं.

मी तेव्हा भांडायला हवं होतं. दमलो होतो, म्हटलं जाऊ दे, शिकेल हळूहळू. ते मला अजूनही सलतं.

तारीख सांगतो. तेवीस जानेवारी, शुक्रवार. कोनात्सुची दाढ किडली होती म्हणून तो तिला दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. पावणेपाचला परत निघाले. शहरातून ओतानाई अठ्ठावीस किलोमीटर, तुम्हाला माहीत आहेच. पोरीला इंजेक्शन दिलेलं, ओठ बधिर, शब्द जाड जाड निघत होते. ती मुद्दाम बोबडं बोलून दाखवत होती आणि दोघं हसत होती. हवामानखात्यानं इशारा दिला होता. पण आभाळ स्वच्छ दिसत होतं, आणि आभाळ सोडून खात्यावर विश्वास ठेवायचा हा सामेजिमाचा स्वभाव नव्हता.

पाच वाजून वीस मिनिटांनी, शेवटची वारा अडवायची जाळी संपते ना, त्या वळणावर वादळानं गाठलं. पुढचं बॉनेट दिसेना. गाडी ढिगाऱ्यात घुसली ती घुसलीच.

त्यानं मला फोन केला. मी याच खुर्चीवर होतो. मी म्हटलं, "गाडी सोडून चालायला लागू नकोस. ट्रक माघारी बोलावलेत, वारा पडेपर्यंत कुणी येणार नाही. आणि सायलेन्सर..." तेवढ्यात लाईन गेली. सायलेन्सरच्या नळीवर बर्फ चढला की सगळा धूर गाडीत शिरतो. त्या धुरातल्या विषाला वास नसतो. माणूस आधी पेंगतो. हे मला सांगायचं होतं. परत परत लावला. लागला नाही.

सामेजिमा एकदा उतरला, फावड्यासाठी. दारातून गाडीच्या मागं जायला त्याला पाच मिनिटं लागली. डिकीवर गुडघाभर बर्फ, खालची कडा गोठून चिकटलेली. हातांनी उकरलं. बोटं गेली. पोरगी आत रडायला लागली, तेव्हा परत येऊन बसला. फावडं असेल चार हातांवर. दोघांच्या मधे एक गोठलेलं झाकण.

मग त्यानं काय करायचं? पोरगी गारठू नये म्हणून इंजिन चालू ठेवलं, हीटर सोडला. कोनात्सु मागच्या सीटवर आडवी झाली. गाल लालबुंद झाले. ऊब लागली म्हणून त्याला बरं वाटलं.

सात वाजून पाच मिनिटं. काचेवर टकटक झाली.

त्याच्या बाजूच्या काचेवर. बाहेर एक माणूस उभा. पातळ कोट, डोकं उघडं. सामेजिमाच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या वादळात हा आला कुठून? गाडीचे दिवे नाहीत, घर नाही. त्यानं आधी चारही दारांची कुलपं लावली. मग काच दोन बोटं खाली केली.

"फावडं देता का?" माणूस म्हणाला.

सामेजिमा म्हणाला, "माझ्याकडे नाही."

"आहे की. डिकीत आहे."

"... तुम्हाला कसं माहीत?"

"माझंही डिकीतच होतं."

माणूस वाकून आत बघत होता. सामेजिमाकडे नाही. मागं. पोरीकडे.

"इंजिन बंद करा," तो म्हणाला.

"का?"

"ती झोपली का हो?"

आता तुम्हीच सांगा, बाहेरचा अनोळखी माणूस तुमच्या पोरीबद्दल असं विचारतो, इंजिन बंद करा म्हणतो, तर तुम्ही काय समजाल? सामेजिमाला वाटलं, याला आम्हाला गारठवायचं आहे. गाडी हवी आहे. किंवा त्याहून वाईट काही. त्यानं काच वर केली. करता करता त्याचं लक्ष गेलं. तो माणूस काचेला तोंड लावून बोलत होता, इतका जवळ. आणि काचेवर वाफ धरत नव्हती.

त्यानं डोळे मिटले. उघडले. बाहेर कुणी नव्हतं.

डोकं ठणकत होतं. भीतीनं ठणकतंय, असं त्याला वाटलं.

"कोनात्सु?"

"हं..."

"झोपू नकोस गं."

"बा...बा... काका..."

जाड शब्द. इंजेक्शन अजून उतरलं नाही, तो मनाशी म्हणाला. मग त्याला आठवलं. सहा वाजताच उतरलं होतं. सहा वाजता ती नीट बोलत होती, दाढ दुखते म्हणून नीट रडत होती.

"काय झालं, बाळा?"

"काका... ठोकतायत."

"कुठं?"

तिनं बोट केलं. बाहेर नाही. आपल्या पाठीमागं. सीटच्या पाठीकडे.

त्यानं हीटर बंद केला. ऐकलं.

टक.

... टक, टक.

डिकीतून.

सीटच्या पाठीच्या पलीकडून, पोरीच्या डोक्यामागून. सामेजिमानं तिला ओढून पुढं घेतलं, मांडीवर. ती कापडाच्या बाहुलीसारखी आली. मान धरत नव्हती. ठोकणं थांबलं नाही. एकाच जागी. उजव्या कोपऱ्यात, वर. पुन्हा तिथंच. पुन्हा तिथंच.

त्या कोपऱ्यात एक खुंटी होती, खांद्याशी. ती ओढली की सीटची पाठ पुढं पडते आणि डिकी आतून उघडी होते. लांब सामान ठेवायची सोय. गाडी घेताना विकणाऱ्यानं दाखवलं होतं. हा माणूस सगळ्याकडे संशयानं बघत राहिला, आणि स्वतःच्या गाडीची सीट दुमडते हे विसरून गेला.

पण ती ओढायची म्हणजे... जे ठोकत होतं, ते आणि पोरगी, यांच्या मधे तेवढीच एक सीट होती.

तो मला म्हणाला होता, "ओनोदेरासान, मी जन्मात कुणावर विश्वास ठेवला नाही. त्या रात्री ठेवला असंही नाही. पोरगी डोळे उघडेना. दुसरं काही उरलं नव्हतं."

त्यानं खुंटी ओढली.

पाठ पुढं पडली. काळोख. फोन संपलेला, बत्ती डब्यात. त्यानं हात आत घातला. खांद्यापर्यंत. फावडं तळाला होतं, डब्याखाली, पिशव्यांखाली. त्यानं स्वतःच ठेवलं होतं. डबा हाताला लागायला हवा होता.

लागला नाही.

दांडा लागला. थेट तळहातात. कुणी पुढं करावा तसा.

त्यानं ओढला. पलीकडून सुटायला... किंचित वेळ लागला.

इंजिन बंद केलं. काच पूर्ण खाली घेतली, पोरीचं तोंड वाऱ्यावर धरलं. ती खोकली. ओकली. रडली. सामेजिमा सांगतो, तसा गोड आवाज त्यानं कधी ऐकला नाही. मग तिला कोटात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवलं, फावडं घेऊन उतरला, गाडीला धरून धरून मागं गेला आणि नळीभोवती खड्डा केला. टोकदार फावडं शिरलं. दहा-बारा मिनिटं लागली असतील.

परत आला तेव्हा मागची सीट जागच्या जागी होती. पाठ उभी. खुंटी बसलेली.

"कोनात्सु, सीट तू लावलीस?"

"नाही."

"मग?"

"काकांनी. मला थंडी वाजेल म्हणून."

त्यानं मागं वळून बघितलं नाही. रात्रभर दर वीस मिनिटांनी उतरायचा, नळी मोकळी करायचा, परत यायचा. ठोकणं पुन्हा आलं नाही.

पहाटे पावणेसहाला वारा पडला आणि सगळ्यात पुढच्या ट्रकवर मीच होतो. गाडी छपरापर्यंत पुरलेली. फक्त मागं, नळीपाशी, आंघोळीच्या टबाएवढा खड्डा. मी काच पुसली आणि आत कोनात्सु माझ्याकडे बघून म्हणाली, "भूक लागली." मी म्हातारा माणूस, तिथंच बर्फात बसून रडलो.

ट्रकमध्ये त्यानं मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, अरे, धूर डोक्यात गेला की काहीही दिसतं. मला तेच वाटत होतं. निदान मी तसं ठरवत होतो. कारण एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. त्याच वळणावर, आठ वर्षांपूर्वी, गुरांचं खाद्य विकणारा एक माणूस मी स्वतः खोदून काढला होता, धुरानं मेलेला. पातळ कोट. फावडं डिकीत. जुनी गाडी, त्या गाडीची सीट दुमडत नव्हती. मागच्या सीटचं कापड नखांनी फाडलेलं होतं, आतल्या पत्र्यापर्यंत. हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो.

तेव्हा संशय आता माझा. सामेजिमाला हे कुणाकडून कळलं असेल का? विचारून आला असेल, मनात बसलं असेल, धुरात दिसलं असेल. म्हटलं, डिकी उघडून बघू. डबा, पिशव्या जागच्या जागी असतील. मग कळेल.

गाडी ओढून इथं आणली, या मागच्या शेडमध्ये. दहा वाजता. बाहेर उणे चौदा, शेडमध्ये फार तर उणे दहा. झाकणाची कडा सोडवायला मी आणि ट्रकवरचा जोडीदार, दोघं लागलो. सामेजिमा जवळ आला नाही, पोरीला घेऊन लांब उभा राहिला.

झाकण वर केलं.

डबा एका बाजूला सरकवलेला. पिशव्या त्यावर रचलेल्या, नीट. आत सगळीकडे पांढरं दव गोठलेलं. डब्यावर, पिशव्यांवर, झाकणाच्या आतून. जाड, बोटभर.

मधे तेवढी जागा काळी. कोरडी. कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन मोठा माणूस निजला तर जेवढी लागेल, तेवढी.

मी हातमोजा काढला. तिथं तळवा टेकवला.

... गरम होतं.