ब्रेक ओढला का, ड्रायव्हर?

ट्रक थांबला तेव्हा त्याचं पुढचं चाक सेंगलापासून हातभर लांब होतं. ती हलली नाही. हलायचं नाही, असं गावानं सकाळीच ठरवलं होतं. तिच्या दोन्ही बाजूंना लसणाच्या जुड्यांचे ढीग, मागे सगळं गाव, आणि वर मार्चमधलं ते धुरकट पिवळं आभाळ — डोंगरावर पालापाचोळा जाळतात ना, त्या दिवसांतलं. ती गवताच्या टोपीनं वारा घेत बसली होती, जशी काही विहाराच्या जत्रेला आलीय.

ड्रायव्हर दार आपटून खाली उतरला. उंच, सावळा, कपाळावर घामानं चिकटलेले केस. आला होता तावातावानं, पण जवळ येऊन तिच्याकडे पाहिलं आणि काय बोलायचं होतं तेच विसरला बिचारा.

"अहो... हा रस्ता आहे," तो म्हणाला.

"माहितीये. आमच्याच शेतातून काढलाय."

"मला चियांगमाईला माल पोचवायचाय."

"कसला माल?"

सेंगलानं नाक वर करून वास घेतला. "चिनी लसूण. दिसायला गोरापान, चवीला पाणी."

"आणि तुमचा?"

"आमचा दिसायला बारका. पण चावून बघा, बोलती बंद होईल."

"झालीच आहे," तो पुटपुटला.

मागे बायका खदखदा हसल्या. सेंगलाचे कान तापले, आणि आता याला काय सुनवावं असा ती विचार करत होती, तेवढ्यात त्याच्या पाठीमागे तो अजस्र ट्रक हळूच... अगदी हळूच पुढे सरकला. उतार होता आणि हे महाशय रागाच्या भरात हँडब्रेक ओढायलाच विसरले होते.

त्यानं तिचं मनगट पकडलं आणि एका झटक्यात तिला बाजूला खेचलं. ट्रक लसणाच्या ढिगावर चढला, जुड्या करकर चिरडत गेला, आणि कोणीतरी चाकाखाली दगड सारला तेव्हा कुठे थांबला. सगळ्या रस्त्यावर ठेचलेल्या लसणाचा झणका उठला. सेंगलाचं मनगट अजून त्याच्या हातात होतं.

"हात सोड," तिची मोठी मावशी गर्दीतून पुढे येत म्हणाली. "सोडून तरी आता काय उपयोग. लागला तो लागलाच."

त्यांचं गाव होतं त्या फांगच्या खोऱ्यात पितरं बायकांच्या वंशातून चालतात, आणि सेंगलाच्या घराण्याची पितरं मावशीच्या खोलीत, उशाकडच्या फळीवर होती. परक्या पुरुषानं घरातल्या मुलीला हात लावला की पितरं रागावतात. मग त्यानं यायचं, उकडलेली कोंबडी आणि भाताची दारू ठेवायची, मान द्यायचा. मान देऊन मुलीला न्यायचं, नाहीतर मान देऊन सुटायचं. पण द्यायचाच.

"मावशी, मी तिचा जीव वाचवला," तो म्हणाला.

"धोक्यात घातलासही तूच ना? नाव काय तुझं?"

"इन्सोन. चियांगसेनचा."

"पितरांना सांगते. लक्षात ठेवतात ती."

दुपारी पोलीस आले, गाव बाजूला झालं, ट्रक गेला. चिरडलेला लसूण सेंगलानं टोपलीत भरला आणि आठवडाभर घरात त्याचाच ठेचा झाला. मनगटावरचा तो हात मात्र कशात घालून संपवायचा, तिला कळेना.

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी तो आला. ट्रक रस्त्यावर लावून, नवा शर्ट घालून. खांबांवरच्या घराखाली, सगळीकडे लसूण टांगलेला होता तिथे, सेंगला जुड्या बांधत बसली होती.

"ब्रेक ओढला का, ड्रायव्हर?"

"ओढला, लसूणवाली. चाकाखाली दगड पण ठेवला."

पूर्वी तिकडे मुली संध्याकाळी सूत कातत बसायच्या आणि मुलं बोलायला यायची. आईबाप वर असायचे, कान लावून. मोबाइल आले आणि ते सगळं बंद पडलं. म्हणून असेल, पण मावशीला हा प्रकार फार गोड लागला. तिनं वरून पाण्याचा तांब्या पाठवला आणि स्वतः जिन्याच्या वरच्या पायरीवर ठाण मांडलं.

त्यानंतर तो येतच राहिला. जुडी बांधायला शिकला, म्हणजे त्याच्या मते शिकला. त्यानं बांधलेली प्रत्येक जुडी सेंगला तो गेल्यावर सोडून परत बांधायची. कधीकधी सोडायची नाही. एक तर तिनं आपल्या खिडकीतच टांगली, वाकडी, ढिली, शेंडी लोंबणारी.

"मान कधी देतोयस?" एकदा तिनं डोळे न उचलता विचारलं.

"कोंबडी तयार आहे. तूच सांग."

"चिनी लसणाच्या भाड्यातली कोंबडी आमची पितरं खात नाहीत."

तो हसला नाही. "सेंगला, मी नाही आणला तर दुसरा कोणीतरी आणेल."

"मग दुसऱ्याला पाणी देईन."

"देशील?"

"...नाही." ती गाठ आवळत म्हणाली. "बाबा बघ, दोन वर्षं झाली, हसलेच नाहीत. बँकॉकच्या साहेबांनी चीनशी करार केला, जकात उठवली, आणि आम्हाला पेपरात वाचून कळलं. गेल्या साली टांगलेला लसूण टांगल्या जागी भुसकट झाला. तू चांगला आहेस रे. पण तुझा ट्रक दिसला की बाबा उठून आत जातात. ते बाहेर बसतील तेव्हा कोंबडी आण."

म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते एवढ्यावर. लसूण विकला गेला तर लग्न. नाहीतर नाही.

भात निघाला, त्याच शेतात पुन्हा लसूण लागला, आणि जानेवारीत बातमी आली — अमेरिकेचे लोक चियांगमाईला येताहेत, नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात, नव्या कराराची बोलणी करायला. चीनशी केलं तेच आता त्यांच्याशी. गावोगावची माणसं निघाली. पण जायचं कशात? बाबा बसवाल्याशी घासाघीस करत असतानाच वेशीवर एक ट्रक येऊन थांबला. रिकामा.

"मालक काय म्हणेल?" सेंगलानं खिडकीशी जाऊन हळूच विचारलं.

"मालकाला सांगितलं, इंजिन बिघडलंय."

"आणि ते खोटं पकडलं गेलं तर?"

"तर मीच बिघडलोय म्हणेन. ते तर खरंच आहे."

बाबा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसले, आणि निम्म्या वाटेत त्यांनी त्याला चिकट भाताची पुरचुंडी उघडून दिली. सेंगलानं मागून काचेतून ते पाहिलं.

चियांगमाईत माणसांचा पूर लोटला होता. लसूणवाले, सोयाबीनवाले, आणि अंगात आजार घेऊन आलेले हडकुळे लोक, नव्या करारानं औषधं महागतील म्हणून भ्यालेले. पोलिसांनी हॉटेलचा रस्ता अडवला तशी काही पोरांनी सरळ पिंग नदीत उड्या घेतल्या आणि पलीकडे पोहत गेली. काठावर धुकं, बोचरी थंडी. सेंगला हातावर फुंकर मारत उभी होती. इन्सोननं इकडेतिकडे पाहिलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"आणखी एक कोंबडी वाढली," ती म्हणाली. पण हात काढून घेतले नाहीत.

"वाढू दे. मला सुटायचं नाहीये. न्यायचंय." मग तो अडखळला. "म्हणजे... तू येशील तर. माझ्याकडे घर म्हणशील तर एक खोली आहे. नदीवर उघडते. मेकाँग दिसते तिथून."

"हा लसूण निघू दे," ती म्हणाली. "मार्चमध्ये निघेल. विकला गेला की ये. मी जिन्यात उभी असेन." तिला आणखी एक सांगायचं होतं, सरळ, नाव घेऊन, 'पी इन्सोन' म्हणून, जसं बायका आपल्या माणसाला म्हणतात. पण तिनं ते राखून ठेवलं. मार्चसाठी.

आणि बोलणी मोडली की हो. साहेब लोक हॉटेलातून दुसरीकडे हलले, मग सही न करताच गेले. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये माणसं गात होती, मावशी टाळ्या वाजवत होती, त्यांच्यातच बसलेले बाबा दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. या वेळी पुढे बसलेल्या सेंगलानं ते हसू इन्सोनला आरशात दाखवलं. त्या दिवसाइतकं सुख तिला पुन्हा कधी लाभलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

कारण मोडली ती पुढची बोलणी. मागचा, चीनशी केलेला करार तसाच होता. जे दार आधीच उघडं टाकलं होतं, ते लावायला कोणीच आलं नव्हतं.

इंजिनाचं खोटं पकडलं गेलं, आणि इन्सोनची नोकरी गेली. फेब्रुवारीभर तो आला नाही. कुठल्याशा संत्र्याच्या बागेत फवारणीला लागलाय, असं कानावर आलं. मार्चमध्ये लसूण निघाला, चांगला निघाला, घट्ट, तिखट. घराखाली टांगला. व्यापारी आला, जुडीला हात लावून पाहिला, "माल झकास आहे हो," म्हणाला, आणि परत गेला. पुढल्या आठवड्यात दुसरा आला, तो गाडीतून उतरलाही नाही. एप्रिलच्या तोंडावर बाबांनी शेत संत्र्याच्या बागवाल्यांना खंडानं लावून दिलं. घरी येऊन ते टांगलेल्या लसणाखाली बसून राहिले. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. सेंगला त्यांच्याजवळ बसली.

आणि मग एका संध्याकाळी ट्रकचा आवाज आला. ती जिन्यात उभी राहिली. म्हटलं होतं ना, उभी असेन म्हणून.

इन्सोन उतरला. वाळला होता. हातात पळसाच्या पानात बांधलेल्या दोन कोंबड्या, काखेत दारूची बाटली. आणि मागे ट्रकमध्ये, शिगोशीग भरलेली, चिनी अक्षरांची पोती.

"ब्रेक..." तिच्या तोंडून निघालं, आणि पुढचं निघेना.

"ओढला," तो म्हणाला. मग एका दमात बोलून टाकलं, जसं वाटेत पाठ केलं असावं. "मालकानं परत घेतलं. हे सोलायचं काम आहे, सेंगला. कारखान्याला सोललेला लसूण लागतो. गावातल्या बायकांना मजुरी मिळेल, किलोवर. हा रस्ता मी मागून घेतला. दर आठवड्याला येईन. कोंबड्या आणल्यात. एक रस्त्यावरची, एक नदीवरची." तो हसायचा प्रयत्न करत होता. "आता काही अडत नाही ना?"

शेजारच्या बायका पोत्यांकडे बघत होत्या. घरात कमाईचं दुसरं काय होतं? बाबा उठले आणि आत गेले.

मावशीनं पानं उलगडून कोंबड्या फळीपुढे ठेवल्या, दारू ओतली, आणि पिढ्यान्‌पिढ्या विचारतात ते विचारलं, "न्यायला आलास की सुटायला?"

"न्यायला," तो म्हणाला.

मावशीनं सेंगलाकडे पाहिलं. "पोरी, पितरांना काय सांगू?"

सेंगला त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या नखांत संत्र्याच्या औषधाचा पिवळेपणा होता. तिच्यासाठीच केलं होतं त्यानं सगळं. नोकरी गमावली तीही तिच्यासाठी, परत धरली तीही.

"सुटायला, सांग," ती म्हणाली.

"सेंगला —"

"ऐक. माझा तुझ्यावर राग नाही. पण मी रोज हा लसूण सोलीन, बाबा रोज आत जातील, आणि दर आठवड्याला तू पोती उतरवशील. वर्षभरात मला तुझा तिटकारा येईल. तुझा काही दोष नसताना येईल." तिनं फळीपुढच्या कोंबड्यांकडे पाहिलं. "मला तो यायला नकोय. तू मला फार आवडतोस. म्हणून सुट."

"रस्ता बदलून घेतो मी. दुसरं काहीतरी आणतो. सफरचंदं —"

"कोणाच्या तरी घराखालीच उतरवशील ना?"

मावशीनं दारूचा थेंब जमिनीवर सोडला आणि पितरांना सांगितलं की मान पोचला, मुलगा मोकळा आहे, मुलगी मोकळी आहे, रागावू नका.

त्यानं पोती उतरवली. शेवटचं उतरवून तो जिन्यापाशी आला. तिनं त्याला पाण्याचा तांब्या दिला, बोटाला बोट लागणार नाही असा.

"नीट जा, पी इन्सोन," ती म्हणाली.

त्यानं ते ऐकलं. तोंडाशी नेलेलं पाणी तसंच राहिलं. मग तांब्या पायरीवर ठेवून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून बायका सोलायला बसल्या. सेंगलाही बसली. न बसून चूल कशी पेटणार? मावशीनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "लसणानं डोळ्यांत पाणी येत नाही गं."

"माहितीये," सेंगला म्हणाली, आणि सोलत राहिली. पाकळ्या मोठ्या होत्या, गोऱ्यापान. काम भराभर होत होतं.

पुढच्या आठवड्यात ट्रक आला तेव्हा तिचे हात थांबले. दार उघडलं. एक जाडसर, मिशीवाला माणूस उतरला, घाम पुसत.

"पोती कुठे टाकू, ताई?"

तिनं घराखालची जागा दाखवली. उठून त्याला पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला. ती रस्त्याच्या उताराकडे, चाकांकडे बघत उभी राहिली.

"ब्रेक ओढला का?" तिनं विचारलं.

"ओढलाय की," तो गोंधळून म्हणाला. "का हो?"

"काही नाही," ती म्हणाली. "असंच."