बॅटरी रूमचा फोन

सात वर्षांपूर्वी मला नागपूरहून एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

पत्र दीड पानांचं होतं आणि प्रश्न एकच होता. त्याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. तो शब्द मला ठाऊक होता.

पुढे लिहितोय त्यात पदरचं काही नाही. खरं तर कोणी विश्वास ठेवला नाही तरच मला बरं वाटेल. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, एकटा राहतो, दिवसभर वाचतो. अशा माणसाला भास होऊ शकतात, हे मी स्वतःलाही सांगून पाहिलं. पण चौथा फोन माझ्या मुलीला, इलाला, आला. तिला कसा भास होईल?

जागा शॉमबर्ग, शिकागोच्या बाहेरचं आमचं गाव. दिवस यंदाच्या जानेवारीतले, दहा ते चौदा तारखेचे. वेळ रात्रीची नव्हती. रोज दुपारी दोन वाजून वीस मिनिटं.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमची लहानशी कंपनी होती. ऑफिसांच्या सर्व्हर रूममध्ये आम्ही सेन्सर बसवायचो. खोली तापली, पाणी झिरपलं, वीज गेली, की भिंतीवरचा एक डबा आपोआप फोन लावायचा आणि रेकॉर्ड केलेल्या बाईच्या आवाजात खोली आणि आकडा सांगायचा. त्यात नंबरांची यादी भरलेली असे. यादीतल्या पहिल्या माणसाने फोन घेऊन तीन वेळा सातचा आकडा दाबला, की डबा समजायचा, माणसाला कळलं. मग तो गप्प बसायचा. कोणी सात दाबले नाहीत, तर पुढच्या नंबराला फोन.

त्या डब्यात माइकही होता. फोनवरून खोलीतले आवाज ऐकू यायचे. पंखे चालू आहेत का, हे घरबसल्या कळावं म्हणून.

एका ऑफिसच्या तळघरात आमची अशी सर्व्हर रूम होती. शेजारी बॅटऱ्यांची खोली. वीज गेली तर सर्व्हर चालू राहावेत म्हणून. त्या खोलीचं तापमान म्हणजे झोन फोर.

झोन फोरच्या यादीत पहिला मी होतो. दुसरा वरच्या मजल्यावरचा गार्ड.

तिथला एसी महिनाभर कुरकुरत होता. दिवसातून चार-चार वेळा फोन यायचा. मी उचलायचो, सात-सात-सात, ठेवून द्यायचो. खोलीतला बझरही मीच बंद करून ठेवला होता. सगळ्यांच्या डोक्याला ताप होतो म्हणून.

१४ जानेवारी २०१८, रविवार. दुपारी दोन वीसला फोन वाजला. मी वाचत होतो. पुस्तकावरून नजरही न काढता सात-सात-सात दाबलं. तापमानाचा आकडा ऐकलाच नाही.

त्या वेळी कुमार त्या खोलीत जात होता.

कुमार आमचा इंजिनीयर. नागपूरचा, चौतीस वर्षांचा, व्हिसावर आलेला. मला श्रीरामकाका म्हणायचा. बॅटऱ्या इतक्या तापल्या होत्या की त्यांतून विषारी वायू सुटत होता. गार्डला फोन गेला असता, तर तो दोन मिनिटांत खाली पोचला असता.

दोन तासांनी कुमार दाराशी सापडला. दार आतून जड होतं, खांदा लावून ढकलावं लागायचं.

डबा उष्णतेने जळाला. त्यातल्या नोंदी गेल्या. ऑफिसने मला विचारलं, "श्रीराम, तुला कॉल आला होता?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. मी भांडलो नाही, कोणावर ढकललं नाही. मी मुळात फार कमी बोलणारा माणूस आहे. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की अलार्म आलाच नाही आणि कुमार वायू मोजायचा मीटर न घेता आत शिरला. चूक त्याची.

कुमारच्या मागे त्याच्या बायकोचाही व्हिसा गेला. सुवर्णा पाच वर्षांच्या अबोलीला घेऊन नागपूरला परतली. तिथून तिने ते पत्र लिहिलं. हाताने.

"काका, सगळे म्हणतात तो बेपर्वाईने गेला. हा माणूस घरातून निघताना गॅस दोनदा बघायचा. अबोली विचारते, बाबांनी का नाही बघितलं? मी काय सांगू? अलार्म खरंच आला नव्हता का? हो की नाही, एवढंच लिहा."

खाली पत्ता आणि घरच्या फोनचा नंबर होता. पत्र मी शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश वरच्या फळीवर.

आता यंदाची दहा जानेवारी. शुक्रवार.

बाहेर बर्फ साचलेला. दोन वीसला घरचा फोन वाजला. मी उचलला...

"झोन फोर. टेंपरेचर. नाइंटी एट पॉइंट सिक्स."

तोच रेकॉर्ड केलेल्या बाईचा सपाट आवाज.

माझा हात आपोआप गेला. पण दाबण्याआधी मागचे आवाज ऐकू आले. पंख्यांची घरघर... आणि ठक... ठक... ठक.

कोणीतरी दारावर हात मारत होतं.

मी सात-सात-सात दाबलं.

ठकठक थांबली. पंखेही थांबले.

लाइन मात्र कटली नाही. पलीकडे ती खोली तशीच होती... माणूस बोलायचा थांबतो तशी.

मी सिद्धेशला फोन केला. तो अजून त्याच कंपनीत आहे.

"काका, तुम्ही रिटायर होऊन पण ऑन-कॉल?" तो हसला. "ती बिल्डिंग मागच्या समरलाच पाडली यार. आता तिथे पिकलबॉलचं कोर्ट होतंय."

"आणि तो डबा?"

"जळका डबा कशाला कोण ठेवेल? मीच रिसायकलला टाकला. काका, आर यू ओके? इलाला सांगू का?"

"नको, नको. चुकून लागला असेल," मी म्हणालो.

मग मला तो आकडा आठवला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. इथल्या प्रत्येक घरातल्या फॅरनहाइट थर्मामीटरवर तो असतो.

ते खोलीचं तापमान नव्हतं. जिवंत माणसाच्या अंगाचं होतं.

शनिवारी दोन वीस.

"झोन फोर. नाइंटी वन."

ठक... ... ठक. सावकाश. मधे घशातली घरघर. मी घाबरून सात-सात-सात दाबलं. पुन्हा सगळं बंद.

रविवारी ऐंशी. ठकठक नव्हतीच. कापड फरशीवर घासत जातंय, एवढाच आवाज...

मी पुन्हा दाबलं. तीन दिवसांत तीनदा. मला कळत होतं मी काय बंद करतोय. तरी दाबलं.

सोमवारी सकाळी मी फोनची वायर भिंतीतून काढली.

दोन वीस झाले. घर शांत. मी खुर्चीत बसलो आणि सात वर्षांत रडलो नव्हतो तसा रडलो.

अडीचला मोबाइल वाजला. इला, माझी मुलगी. नेपरव्हिलला तिचा दातांचा दवाखाना आहे.

"बाबा, घरचा फोन का नाही उचलत?"

"वायर काढलीये. का गं?"

"आत्ता क्लिनिकमध्ये एक वीअर्ड कॉल आला. कुठलीतरी रेकॉर्डेड लेडी, झोन फोर, सेव्हंटी टू वगैरे. मी ठेवणारच होते, पण मागे कोणीतरी..." ती थांबली. "बाबा, कोणीतरी मराठीत बोललं."

"काय बोललं?"

"'काका, दार उघडत नाहीये.' असं. अगदी हळू. पेशंटला चेअरमध्ये सोडून बाहेर आलेय. हा कोणाचा प्रँक असेल तर इट्स सिक. कोण काका? तुम्हाला माहितीये का काही?"

"नाही," मी म्हणालो.

सात वर्षांनी तोच शब्द. तितक्याच सहज.

आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मी उचलला नाही, म्हणून पुढच्या नंबराला गेला. डबा त्याचं काम करत होता. यादी अजून होती. तिच्यात आता कोण कोण आहे, मला माहीत नव्हतं.

मी वायर परत लावली. रात्रभर खुर्चीत बसून राहिलो. पळून जायचं कुठे? मी नसलो तर तो पुन्हा इलाला लागणार.

मंगळवार. चौदा तारीख.

दोन वीस...

"झोन फोर. टेंपरेचर. सिक्स्टी एट."

अडुसष्ट म्हणजे खोलीचं नेहमीचं तापमान. आत आता गरम काहीच उरलं नव्हतं.

पंखे नाहीत. श्वास नाही. घासण्याचा आवाजही नाही.

मी सात दाबले नाहीत. बोट उचललंच नाही. नुसता म्हणालो, "कुमार?"

काही नाही.

"कुमार, मी श्रीरामकाका."

"नो रिस्पॉन्स," बाई म्हणाली. "कॉलिंग नेक्स्ट नंबर."

डबा नंबर असा वाचून दाखवत नसे. कधीच नाही. त्या दिवशी तिने वाचला.

"झीरो. वन. वन. नाइन. वन..."

भारत.

"सेव्हन. वन. टू..."

नागपूर. पुढचे आकडे मला पाठ होते. पत्राच्या तळाशी होते ते.

तिथे रात्रीचे दोन वाजत आले असतील. सुवर्णा झोपेतून उठून फोन घेईल. किंवा अबोली घेईल. बारा वर्षांची असेल ती. आणि बापाला ऐकेल, त्या दाराशी...

मी सात-सात-सात दाबलं. पुन्हा. पुन्हा. बोट दुखेपर्यंत.

"इनव्हॅलिड कोड," बाई म्हणाली आणि आकडे वाचत राहिली.

मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. तेव्हा ओरडलो.

"कॉल आला होता! मला आला होता! मी न ऐकता बंद केला. मी खोटं बोललो. कुमार, तुझी चूक नव्हती रे! त्यांना नको ऐकवूस. मी सांगतो. मी स्वतः सांगतो तिला!"

आवाज थांबला.

शेवटचा एक आकडा राहिला होता.

मी रिसीव्हर कानाला धरून बसलो. किती वेळ, सांगता येणार नाही. ती लाइन कटली नाही... आणि तो आकडाही आला नाही. शेवटी मी रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला, शब्दकोश खाली काढला आणि लिहायला बसलो. पुन्हा फोन उचलून बोलायची हिंमत नव्हती. तिनेही लिहाच म्हटलं होतं.

चार कागद फाडले. सगळ्यांत मी माझी बाजू मांडत होतो. एसी, महिनाभराचे खोटे अलार्म, माझं वय. पाचव्यावर लिहिलं:

"सुवर्णा, हो. अलार्म आला होता. दोन वाजून वीस मिनिटांनी, मला. मी आकडा न ऐकताच तो बंद केला, म्हणून गार्डला फोन गेला नाही. ऑफिसला मी खोटं सांगितलं. कुमारने काहीही चुकवलं नव्हतं. अबोलीला हे वाचून दाखव. हे पत्र हवं त्याला दाखव. मी नाकारणार नाही. श्रीराम."

इलासाठी त्याची एक प्रत टेबलावर ठेवली, रिसीव्हरशेजारी. तिने मला काय म्हणायचं ते म्हणावं.

मग बर्फातून पोस्टाच्या निळ्या पेटीपर्यंत चालत गेलो. परदेशाची तिकिटं नीट लावली आहेत ना, हे दोनदा बघितलं. पेटीची झडप ओढली, पाकीट आत सोडलं, झडप मिटली.

पाकीट आत पडल्याचा आवाज आला नाही.

पेटी भरलेली असेल. वयाने कानही गेलेत माझे. मी झडप पुन्हा उघडून पाहिली, आत काहीच दिसलं नाही.

पत्र टाकलंय, एवढं नक्की.