शनिवारी आजोबा वारले

मृत माणूस कधीही खोटं बोलत नाही. चेरीताल भागातल्या 'अनंत संवाद केंद्रा'च्या भिंतीवर हे वाक्य हिंदीत, फूटभर उंचीच्या सोनेरी अक्षरांत रंगवलेलं होतं. वाक्य तसं बरोबरच होतं. मृत माणूस खरंही बोलत नाही. पण ते लिहायला भिंतीवर जागा उरली नव्हती. तिथे कूलर बसवला होता.

कूलरची गार हवा आतल्या लोकांसाठी होती. बाहेर व्हरांड्यात, मे महिन्याच्या झळांमध्ये, यशश्री आणि रोशनी बेलाचं सरबत पीत बसल्या होत्या. यशश्रीची आई, विनता, त्यांच्या शेजारी डोळे मिटून बसली होती.

यशश्री तेरा वर्षांची. मार्चमध्ये तिचे बाबा, सौमित्र, ऑफिसातून घरी येताना रस्त्यातच छातीत कळ येऊन गेले. महिन्याभराने आईला हे केंद्र सापडलं. दर बुधवारी आणि शनिवारी शैलेंद्र भैयाजी डोळे मिटायचे आणि त्यांच्या तोंडून बाबा बोलायचे. बाबा जन्मभर घरात मराठी बोलले होते. इथे ते हिंदी बोलत. "तिकडून येताना सगळं हिंदीतच उतरतं," असं भैयाजींनी समजावलं होतं आणि आईला ते पटलं होतं.

गेल्या शनिवारी बाबांनी भैयाजींमार्फत कळवलं, की विनताने कुंडमच्या जंगलातल्या आश्रमात वर्षभर मौन पाळावं, तरच आपल्याला गती मिळेल. आश्रमाची बस रविवारी निघणार होती. यशश्रीला नागपूरला मामाकडे ठेवायचं ठरलं होतं. मामा चांगला होता. पण आधी बाबा गेले, आता आई जाणार, आणि आईला तर कोणी छातीत कळही दिली नव्हती; ती स्वतःहून बसमध्ये बसणार होती.

"तुम्हारे पापा को क्या पसंद था, बेटा?" सरबत देणाऱ्या मेघना दीदींनी मायेने विचारलं. दीदी सगळ्यांशीच बोलत. कोणी रडलं तर त्याही रडत. मग त्या आत जाऊन यायच्या.

यशश्रीने तोंड उघडायच्या आत रोशनी म्हणाली, "करेला! काका तं रोज कारल्याचीच भाजी मागत." रोशनी खालच्या मजल्यावर राहायची, अकरा वर्षांची होती, आणि गप्प बसणं तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

यशश्रीने तिच्याकडे बघितलं. बाबा कारल्याच्या वासानेही जेवणावरून उठत.

अर्ध्या तासाने, आतल्या गारव्यात, भैयाजींचे ओठ हलले. "विनता... वो करेले की सब्ज़ी... बहुत याद आती है."

रोशनीने यशश्रीला इतक्या जोराने कोपर मारलं, की दुसऱ्या दिवशीही ते दुखत होतं.

"पकडलं की नाही?" घरी येताना रोशनी कुजबुजली. "आता काकूला सांग. संपलं."

संपलं नाही. आईने वाटेत भाजीच्या गाडीवरून अर्धा किलो कारली घेतली.

"आई, बाबांना कारलं आवडत नव्हतं," यशश्री म्हणाली. "ते रोशनीने दीदींना खोटंच सांगितलं होतं."

आई कारली चिरत होती. सुरी थांबली, मग परत चालू लागली. "तिकडे गेल्यावर आवडी बदलत असतील," ती म्हणाली.

त्या दिवशी दोघींनी कारल्याची भाजी खाल्ली. भाजी चांगली झाली होती.

"हे कारल्याने सुटणार नाही," सगळं ऐकून अंबरीश म्हणाला. तो वरच्या मजल्यावर आजोबांबरोबर राहायचा, चौदा वर्षांचा होता आणि नववीत विज्ञानात पहिला आला होता, हे तो तुम्हाला लवकरच सांगत असे. "काकू तिथे गेल्याच काहून? कावळ्यामुळे. सुरुवात तिथून झाली."

हे खरं होतं. बाबांच्या दहाव्याला सगळे नदीकाठी, तिलवाऱ्याच्या घाटावर जमले होते. भाताचा पिंड ठेवला. कावळा शिवला, की गेलेला माणूस समाधानाने गेला, असं धरतात. कावळा आला, लांब बसून राहिला आणि उडून गेला. तासभर सगळे हात जोडून "तुमच्या सगळ्या इच्छा पुऱ्या करू" असं म्हणत राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेव्हा अंबरीशचे रामकृष्ण आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "सौमित्रचं काहीतरी राहिलंय."

कावळे खरंच कसे वागतात ते बघायला तिघांनी गुरुवारी पहाटेची तिलवाऱ्याची बस पकडली. रोशनीने डब्यात भाताचे गोळे घेतले होते आणि आपल्यासाठी पोहे.

सव्वासातला यशश्रीने घाटाच्या पायरीवर, पानावर एक गोळा ठेवला. रोशनी मोजायला लागली. अकरावर कावळा आला आणि अर्धा गोळा घेऊन गेला.

"हा कोणाचा दहावा समजून राहिला?" रोशनीने विचारलं.

"त्याला भूक लागली होती," अंबरीशने वहीत लिहून ठेवलं.

मग एकेक कुटुंब येऊ लागलं. पांढरे कपडे, नुकते केस उतरवलेली डोकी. यशश्रीला तिकडे बघवेना, म्हणून ती नदीकडे बघत बसली. अंबरीश मोजत राहिला. अकरा वाजेपर्यंत नऊ पिंड झाले. पहिल्या सहांवर कावळे तुटून पडले, पुढच्या दोनांना थोडा वेळ लागला, नवव्याजवळ एक कावळा नुसता चालून गेला. त्या घरातली एक बाई पदर तोंडात धरून रडायला लागली.

अकरा चाळीसला त्यांनी शेवटचा गोळा ठेवला. एक कावळा दोन हात लांब उतरला. त्याने चोच दगडाला घासून पुसली, गोळ्याकडे पाहिलं आणि तो कडुलिंबावर जाऊन बसला.

नावेतून हे बघणारा नावाडी हसला. "अब क्या खाएगा बेचारा? सुबह से आठ घर का खा चुका है."

"भैया, रोज असंच असतं?" अंबरीशने विचारलं.

"रोज. हम तो बोलते हैं, जल्दी आओ. पंडितजी मुहूरत बोलते हैं."

यशश्रीला तो दिवस आठवला. बाबांचा पिंडही अकरा चाळीसलाच ठेवला होता. गुरुजी आठला यायला तयार होते. पंचांग काढून वेळ बदलली होती आजोबांनी.

ती पायरीवर बसली आणि रडायला लागली.

"काहून रडून राहिली?" रोशनी घाबरली. "चांगलंच झालं ना. काका नाराज नव्हते."

"आई दोन महिने समजून राहिली, की होते."

घरी आई बॅग भरत होती. चार पांढऱ्या साड्या, टॉर्च, बाबांचा फोटो. यशश्रीने नऊ पिंड, कावळ्याची चोच, नावाडी, सगळं सांगितलं. अंबरीशची वही दाखवली.

आईने वही नीट वाचली. "असेल तसंही," ती म्हणाली. "पण तिथे तो बोलतो, यशू. इथे कोण बोलतं?"

यशश्री तिथेच उभी होती, आणि बोलतही होती. पण आईला ते म्हणायचं नव्हतं, एवढं तिला कळलं.

रामकृष्ण आजोबा पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. भैयाजींना ते 'ढोंगी' म्हणत आणि आईने तिथे जाऊ नये म्हणून त्यांनी तिला दोनदा व्याख्यान दिलं होतं. अंबरीशने वही त्यांच्यापुढे ठेवली.

"हे वेगळं," आजोबा म्हणाले. "त्या भैयाचं थोतांड आहे. आपलं शास्त्र आहे."

"शास्त्रात कावळ्याचं पोट केवढं असतं ते दिलंय का?" अंबरीशने विचारलं.

आजोबांनी वही पुन्हा वाचली. मग चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत राहिले, पुसण्यासारखं काही नसताना. "वेळ मी ठरवली होती," ते म्हणाले. "आणि ते वाक्यही मीच बोललो. तिच्यासमोर."

कोणीच 'जाऊ दे' म्हणालं नाही. रोशनीसुद्धा नाही.

"आजोबा, काकूंना थांबवायचं असेल, तर तुम्हाला मरावं लागेल," अंबरीश म्हणाला.

"कधी?"

"शनिवारी."

"शनिवारी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपताहेत."

"त्या शुक्रवारी आणू."

शनिवारी दुपारी चार वाजता अंबरीश केंद्राच्या व्हरांड्यात खाली मान घालून बसला. मांडीवर आजोबांचा पंचवीस वर्षांपूर्वीचा फोटो होता, काळ्याभोर मिशांचा. मेघना दीदींनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्याने सांगितलं, की आजोबा गेले, आणि धाकट्या भावाशी त्यांचं भांडण होतं, ते मिटायचं राहून गेलं. दीदींचे डोळे भरून आले. मग त्या आत जाऊन आल्या.

आत चाळीसेक माणसं होती. विनता पुढच्या रांगेत होती, यशश्री तिच्या शेजारी. शेवटच्या रांगेत टोपी आणि मास्क घातलेले एक म्हातारे गृहस्थ रोशनीचा हात धरून बसले होते.

भैयाजींनी फोटो छातीशी धरला. कूलर घरघरत होता.

"मैं रामकृष्ण," भैयाजी खोल आवाजात म्हणाले. "मैं यहाँ शांति से हूँ. छोटे भाई से कहना, मैंने उसे माफ़ किया."

"मला भाऊ नाही," मागून आवाज आला.

आजोबांनी मास्क काढला. टोपी काढली. ते पुढे चालत आले आणि फोटोशेजारी उभे राहिले. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, नाक तेच होतं. "मैं रामकृष्ण. ऊपर के माले पे रहता हूँ. शांति बिलकुल नहीं है."

भैयाजींनी डोळे उघडले, आजोबांना पाहिलं आणि पुन्हा मिटले. "जीवित व्यक्ति की भी एक छाया वहाँ रहती है," ते शांतपणे म्हणाले.

काही लोकांनी मान डोलावली. मधल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं, "हमारा नंबर कब आएगा?"

अंबरीशचा चेहरा पडला. त्याच्या वहीत ही शक्यता नव्हती.

तेवढ्यात आई उभी राहिली. तिने आजोबांकडे पाहिलं नाही. मुलांकडेही नाही. "भैयाजी, एक बात पूछनी है. जिस दिन वो गए, उन्होंने मुझसे आख़िरी बात क्या पूछी थी?"

भैयाजींनी एक डोळा उघडून दाराकडे पाहिलं. मेघना दीदी दारात होत्या. त्यांना हे माहीत नव्हतं. हे कुणालाच माहीत नव्हतं.

"उन्होंने पूछा था," भैयाजी म्हणाले, "विनता, तुम मेरे साथ सुखी तो हो ना?"

आईने पर्स उचलली. यशश्रीचा हात धरला आणि बाहेरच्या उन्हात आली. त्यांच्या मागून आणखी सहा माणसं बाहेर पडली. बाकीची आत बसून राहिली. आत गार होतं.

रविवारी कुंडमची बस विनताशिवाय गेली. संध्याकाळी आजोबांच्या गच्चीवर कॉलनीतली मंडळी जमली. मुलांना पेढे मिळाले. "या मुलांनी आपले डोळे उघडले," असं ज्यांचे डोळे शनिवारी हॉलमध्ये मिटलेलेच होते, त्यांनीही सांगितलं. आजोबा बोलायला उभे राहिले. अंबरीशला वाटलं, आता पाऊण तास जाणार. पण ते एवढंच म्हणाले, की तिलवाऱ्याला जायचं असेल त्यांनी सकाळी आठच्या आत जावं, आणि नाही गेलं तरी चालेल. मग ते खाली बसले.

विनता आली नव्हती. यशश्री पेढा घेऊन खाली गेली.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, रडून डोळे सुजलेले. मार्चपासून यशश्रीने तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. केंद्रात ती नेहमी शांत असायची. यशश्री शेजारी बसली. पेढ्याचं काय करावं ते तिला कळेना.

"तुम्ही चांगलं केलंत," आई म्हणाली. "मला राग नाही आला. फक्त तो आवाज आता बंद झाला."

"तो बाबांचा नव्हता ना."

"माहीत होतं. कारल्याच्या दिवशी तर पक्कंच कळलं."

"मग त्यांना तो प्रश्न आधीच काहून नाही विचारला?"

"ते चुकले असते, तर जायचं कुठे?"

यशश्रीने पेढा मोडून अर्धा आईपुढे ठेवला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाबांनी शेवटचं काय विचारलं होतं?"

आईने मोबाइल काढून तिच्या हातात दिला. बाबांचा मेसेज होता, मार्चमधला, संध्याकाळी पाच बावन्नचा. त्याखाली उत्तर नव्हतं. आई तेव्हा कपडे वाळत घालत होती. तिने तो पाहिला, तेव्हा दवाखान्यातून फोन येऊन गेला होता.

'येताना कोथिंबीर आणू का?'

यशश्रीने तो दोनदा वाचला.

"काय सांगायचं होतं तुला?"

"नको म्हणून," आई म्हणाली. "होती घरात."