चोरदिंडीतला कौल

पहाट फुटत होती. कर्कगडाच्या पायथ्याशी गनिमाच्या शेकोट्या धुमसत होत्या, मोर्चावर तोफा ठासून सज्ज होत्या, आणि बालेकिल्ल्यात वाघजाईपुढे किल्लेदार रवळोजी दरेकर हात जोडून लटलटत उभे होते. सूर्योदयाला दरवाजा न उघडल्यास गडावरचं पोरसुद्धा जिवंत ठेवणार नाही, असा गनिमाचा निरोप होता. गुरवानं देवीच्या खांद्यांवर दोन फुलं लावली. उजवं पडलं तर लढायचं, डावं पडलं तर गड द्यायचा. गाऱ्हाणं झालं, पण एकही फूल हलेना. देवीच गप्प, तिथं माणसानं काय करावं!

रवळोजींचा धीर सुटला. पागोटं उतरवून, घोंगडी पांघरून ते चोरदिंडीकडे निघाले. होय हो, किल्लेदार पळत होते!

अडणा काढून त्यांनी दिंडी उघडली, तो समोर डोईवर पाटी घेतलेली एक म्हातारी धापा टाकत उभी. गडावर ताक घालणारी, म्हणून ही वाट तिला ठाऊक.

"आलास का बाबा? वाघजाईनंच धाडलं तुला. धर ही पाटी."

पाटीत डिंकाचे लाडू होते आणि जुन्या लुगड्याची मऊ बाळुती.

"खुळी का तू, आजी? आत मरण आहे!" रवळोजी कुजबुजले.

"लेक दिवस भरून बसलीय आत. पहिलटकरीण. तिला माहेरी येता येईना, मग माहेरच चढून आलं."

"भीती नाही वाटली?"

"वाटते तर! हे बघ पाय." पाय खरंच कापत होते. "पण वर किल्लेदार आहेत ना. ते काय गड टाकून जातात होय?"

रवळोजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पाटी उचलली आणि दिंडीला आतून अडणा घातला.

तोफा धडाडल्या, तटाला शिड्या लागल्या, खांद्यात गोळी रुतली, तरी किल्लेदार दरवाज्यावरून हलले नाहीत. गुडघे दिवसभर लटपटतच होते. सांजेला गनीम मागे हटला.

तेवढ्यात गुरव धावत आला. "सरकार, कौल झाला! उजवं फूल पडलं!"

"आई सकाळीच बोलली, बुवा," रवळोजी म्हणाले. "पाटी धर म्हणाली."

पुढे कुमक आली, वेढा उठला. बारशाला म्हातारीनं नात पुढं केली. हेच किल्लेदार, हे एव्हाना तिला कळलं होतं. पण तोंडातला 'बाबा' काही सुटला नव्हता.

"धर बाबा," ती म्हणाली, आणि किल्लेदारांचे हात पुन्हा कापू लागले.