तीन रचनांच्या तळाशी

गोष्ट भर दुपारची आहे, त्यामुळे तुम्हाला ती भुताची वाटायची नाही. तरी ऐका.

रविवारच्या कार्यक्रमाची तालीम करायला मी आणि दादा सभागृहात गेलो होतो. तो पियानो वाजवतो, मी चेलो. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला, घोगऱ्या आवाजाचा भाऊ. त्याच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. तीनच रचना होत्या, सगळ्यांना पाठ असलेल्या: एक अंगाई, एक शोकधून, एक लग्नातलं नृत्य. संगीतकार वेगळे, शतकं वेगळी.

वाजवता वाजवता मला जाणवलं, की तिन्हींत माझ्या वाट्याला आलेले खालचे सूर एकाच चालीचे तुकडे आहेत. अंगाईतला जिथे अर्धवट सुटतो, तिथूनच शोकधुनेतला सुरू होतो. आणि त्याच्या पुढचा नृत्यात.

"दादा, हे एकच गाणं आहे. कुणीतरी फाडून तिघांना वाटलंय."

"योगायोग गं, चिमणे. तुला नसत्या चौकशा फार."

"मग जोडूनच बघू की."

मी तुकडे सलग वाजवले, त्याने साथ धरली. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं, तरी फरशीतून ओलसर, कोंदट वास वर यायला लागला. पडक्या विहिरीत वाकून बघताना येतो तसा. तिसरा तुकडा संपला. मी गज तारांवरून उचलला.

पियानो थांबला नाही.

त्याच चालीचा चौथा तुकडा चालू होता. कुठल्याच रचनेत नसलेला. संथ, खाली खाली उतरणारा.

"हे कुठून काढलंस रे?"

दादाने मान वळवली. चेहरा पांढराफटक.

"चिमणे... मी नाही वाजवत."

तो हात मागे ओढत होता, पण बोटं पट्ट्यांवरून सुटत नव्हती. मी त्याचं मनगट धरलं. गारठलेलं होतं, आणि जड. चाल शेवटाकडे निघाली होती; ऐकणाऱ्याला ते कळतंच. तिच्याबरोबर दादाचा श्वासही मंदावत होता...

तिथे माझी भीती संपली. नुसता संताप उरला. माझ्या भावाला नेणार?

"सूर काय तुझ्या बापाचे आहेत?" मी ओरडले. कुणावर, कोण जाणे. चेलो ओढला आणि हाताला येतील ते बेसूर स्वर कचाकचा घासत सुटले. चाल शेवटाला पोचायला बघायची, मी तिला पोचू देईना. शेवटी माझी तार तुटली आणि दादा धाडकन खाली कोसळला. खोकत, रडत, पण जिवंत.

"कार्यक्रम रद्द कर," एवढंच तो म्हणाला.

"का म्हणून?"

रविवारी मी एकटीच व्यासपीठावर बसले. तिन्ही रचना एकामागून एक वाजवल्या, मुद्दाम, मध्ये क्षणभरही न थांबता. मग गज रोखून चौथ्या तुकड्याची वाट बघितली. या म्हटलं, कोण येतंय ते! कुणी आलं नाही.

दादा अजून पियानोला हात लावत नाही. मी मात्र रोज तेच तुकडे जोडून वाजवते, दार सताड उघडं टाकून.

आता हे बघा. तारा दाबून दाबून आम्हा चेलोवाल्यांच्या डाव्या बोटांना घट्टे पडतात. उजव्या हातात नुसता गज असतो, त्या बोटांनी तार कधी दाबावी लागत नाही. लावा हात... नाही, तो नको. उजव्याला लावून बघा. लागले ना घट्टे?