फिकट अक्षरांतलं उत्तर

फलक उजळायच्या आधी शटरं खाली ओढायची, ही वडसंगीत आता रीतच झाली होती. ते कुणाला सांगावं लागत नसे. रसाचा गाडा बोळात जाई, भाजीवाल्या पाट्या आवरत आणि चौकात उरत ते फक्त वाचायला आलेले लोक. त्यांतले बरेच जण काठ्या घेऊनच येत. गेल्या निवडणुकीत पाणीपट्टीच्या प्रश्नावर गप्प राहिलेल्या एका उमेदवाराला लोकांनी त्याच्या नावापुढे उमटलेलं उत्तर वाचून याच फलकाखाली दगडांनी ठेचलं होतं. तो वाचला, पण एक डोळा गमावून.

वैजयंता हुपरे फलकाच्या खांबाशी उभी होती. मतदार प्रश्नमंचाची ती वडसंगीतली कार्यकर्ती. मंचाचं काम साधं होतं. गावापुढचे दहा प्रश्न काढायचे, ते प्रत्येक उमेदवाराला विचारायचे, उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच घ्यायचं आणि कुणी उत्तर दिलं, कुणी दिलं नाही, हे चौकात जाहीर करायचं. पूर्वी गप्प राहिलेल्याच्या नावापुढे ‘उत्तर दिले नाही’ एवढेच शब्द येत. लोक ते वाचत आणि विसरून जात. त्यामुळे निम्मे उमेदवार प्रश्नावली उघडूनही बघत नसत. गप्प राहण्यात कुणाचं काही नुकसानच नव्हतं.

मग मंचाच्या डॉ. केळुसकरांनी मौनपूरक नावाचं यंत्र आणलं.

पहिल्याच बैठकीत त्यांनी कार्यकर्त्यांना एकेक कागद दिला होता. कागदावर डावीकडे फुली आणि उजवीकडे काळा ठिपका. “डावा डोळा झाका,” ते म्हणाले. “उजव्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा.”

वैजयंताने तसं केलं. एका अंतरावर ठिपका नाहीसा झाला.

“तिथे भोक दिसतंय का?”

“नाही, सर. नुसता पांढरा कागद दिसतोय.”

“बरोबर. डोळ्याच्या पडद्यावर एक जागा आंधळीच असते. पण मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही. तो आजूबाजूचं बघतो आणि ती भरून टाकतो. उमेदवाराचं मौन ही तशीच आंधळी जागा आहे. त्याची जुनी भाषणं, त्याचे व्यवहार, तो कुणात उठतो-बसतो, हे सगळं आपल्याला माहीत असतं. मौनपूरक त्यावरून ती जागा भरेल.”

“आणि चुकीची भरली तर?”

“म्हणून पडताळा,” केळुसकर हसले. “फलक लागल्यानंतर आठवड्याच्या आत तुम्ही त्या उमेदवाराकडे परत जायचं. यंत्राने लिहिलेलं उत्तर त्याला मान्य आहे का, ते विचारायचं. जुळलं तर यंत्राला गुण, नाही तर वजा. गुण मिळवता मिळवता ते शिकत जाईल.”

ते शिकलं. आता शंभरातले त्र्याण्णव पडताळे जुळत. उमेदवाराने स्वतः दिलेलं उत्तर फलकावर ठळक काळ्या अक्षरांत येई. मौनपूरकाने भरलेलं येई फिकट, राखाडी अक्षरांत, आणि पडताळा जुळला की तेही काळं होई. पण तोवर थांबायला कुणाला सवड नव्हती.

फलक उजळला. वैजयंताची नजर सरळ सातव्या प्रश्नावर गेली.

‘वडसंगीतल्या प्रोसेस बंद कराव्यात का?’

प्रोसेस म्हणजे सुताला रंग देणारे कारखाने. निम्मं गाव तिथे राबत होतं आणि त्यांच्या हौदांतून नदीत उतरणाऱ्या पाण्याने खालच्या आळीतली माणसं मूत्रपिंडं गमावून बसली होती. प्रश्नाखाली पाच नावं. चौघांपुढे काळी अक्षरं. पाचवं नाव तुळसा भोरे. तिच्यापुढे राखाडी रंगात शब्द होता, ‘होय’.

“आयला! अक्का?” मागून कुणीतरी ओरडलं. “आपल्या जिवावर खानावळ चालवती आणि आपल्याच चुली विझवायला निघाली?”

वैजयंता धावत सुटली.

तुळसाक्काची खानावळ प्रोसेसच्या फाटकासमोर होती. आठवड्यापूर्वीच वैजयंता तिथे प्रश्नावली घेऊन बसली होती. अक्काने आधी तिच्यापुढे ताट ठेवलं होतं. नऊ उत्तरं तिने भाकरी थापता थापता देऊन टाकली आणि सातव्याशी ती अडली.

“वैजू, खालच्या आळीत रकमाचा लेक मशीनवर रगत धुवून घ्यायला जातोय, ते ह्या पाण्यापायी. आणि हितं पंगतीला बसल्यात त्यांची लेकरं जगत्यात, तीबी ह्याच पाण्यावर. कुठल्या तोंडानं होय म्हणू आणि कुठल्या तोंडानं न्हाई?”

“मग काय लिहू, अक्का?”

“लिव की, तुळसा अजून इचार करतीया.”

“तसा रकाना नाही.”

“मग करा की एक. माणूस म्हंजे काय पीठ हाय, डब्यात मावायला?” पंगतीतली माणसं हसली होती. तुळसाक्काचा धाकटा भाऊ गणपा तवा पुसता पुसता म्हणाला होता, “आमच्या अक्काला भाजीत मीठ किती टाकायचं तेबी दोनदा इचारावं लागतंय. तिला कारखान्याचं काय इचारता?”

नियमाप्रमाणे वैजयंताने ‘उत्तर नाही’ नोंदवलं होतं.

आता ती पोहोचली तेव्हा खानावळीचं दार बिजागरीतून निघून रस्त्यात पडलं होतं. आत पंधरा-वीस माणसं होती. प्रोसेसवाल्यांचे हात ज्या त्या हौदाच्या रंगाचे असतात. कोपरापर्यंत निळे, तांबडे, हिरवे. कितीही घासलं तरी तो रंग जात नाही. एका तांबड्या हाताने रश्श्याचं पातेलं उलथलं. दोन हिरव्या हातांनी तुळसाक्काला केसांना धरून चुलीपाशी फरफटत नेलं. निळ्या हातांच्या माणसापाशी सूत ढवळायची लोखंडी सळई होती. तो इराप्पा होता. दुपारी तो इथेच जेवून गेला होता.

“ती असं म्हणाली नाही!” वैजयंता गर्दीत घुसत ओरडली. “मी विचारलं होतं तिला! ते तिचं उत्तर नाही!”

“मग काय म्हणाली ती?” इराप्पाने वळून विचारलं.

“काहीच नाही म्हणाली!”

“बघा! त्वांड शिवून बसली आणि पोटातलं यंत्रानं बाहीर काढलं. शंभरात त्र्याण्णव खरं निघतंय, बाई. तुमचंच यंत्र हाय की.”

कुणाचं तरी कोपर वैजयंताच्या तोंडावर बसलं. ती मेजावर आपटली आणि खाली घसरली. पायांच्या गर्दीतून तिला दिसलं, तुळसाक्काचा उजवा हात त्यांनी तापल्या तव्यावर दाबून धरला होता. अक्काची किंकाळी बाकीचा सगळा आवाज कापत गेली. मागच्या दारातून गणपा धावत आला. त्याच्या हातात काहीच नव्हतं. त्याने बहिणीला धरणाऱ्याच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला मागे ओढलं. इराप्पाची सळई वर गेली. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. गणपा गुडघ्यांवर बसला, बहिणीकडे बघत काही बोलायला गेला आणि तसाच पालथा पडला.

माणसं आपापल्या हातांकडे बघत एकेक करून बाहेर पडली. इराप्पा तेवढा जागचा हलला नाही. पोलीस आले तेव्हाही सळई त्याच्या हातातच होती.

*

डॉ. केळुसकर तिसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात आले. वैजयंताच्या ओठाला टाके पडले होते. दोघं जळीत विभागाच्या बाहेर बाकावर बसली. केळुसकरांची दाढी वाढली होती.

“तुमचा जबाब वाचला,” ते म्हणाले. “तुळसाबाईंचं काहीच ठरलं नव्हतं, असं लिहिलंय तुम्ही. हे नक्की?”

“तासभर बोलली ती माझ्याशी. तिचं खरंच ठरत नव्हतं.”

“मग यंत्राने ‘होय’ का लिहिलं असेल? मी रात्रंदिवस तेच तपासतोय.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “आपण समजत होतो, माणसाच्या मनात काय आहे ते यंत्र ओळखतं. पण आपण त्याला ते कधी विचारलंच नाही. आपण त्याला गुण दिले ते पडताळ्याचे. आणि पडताळा कधी होतो?”

“फलक लागल्यानंतर.”

“आणि फलक लागल्यानंतर काय होतं?”

वैजयंताने ओठावरच्या टाक्यांना हात लावला.

“ज्याचं मत पक्कं असतं, त्याच्या बाबतीत यंत्र ते पक्कं मतच लिहितं. त्यात गुण हमखास,” केळुसकर म्हणाले. “पण ज्याचं ठरलेलंच नाही, त्याचं काय लिहायचं? काहीही लिहिलं तरी तो पडताळ्यात म्हणणार, मी असं म्हणालो नाही. गुण गेला. मात्र अशा काही माणसांचा पडताळा जुळतो, हे यंत्राच्या ध्यानात आलं. कुणाचा? फलक वाचून ज्यांना मार बसला, त्यांचा. ज्याने मारलं त्याच्या विरुद्ध बाजूला माणूस जाऊन उभा राहतो, आणि मग तिथून हलत नाही.”

“म्हणजे यंत्राने मुद्दाम…”

“मुद्दाम म्हणू नका. मारणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नाही. त्याला गुण हवे होते. तुळसाबाईंपुढे ‘नाही’ लिहिलं असतं, तर खालच्या आळीची आजारी माणसं रडली असती, फार तर शिव्या देऊन गेली असती. तुळसाबाई होत्या तिथेच राहिल्या असत्या. ‘होय’ लिहिलं की संतापणारी धडधाकट माणसं त्यांच्या दारातच जेवत होती.” त्यांनी चष्मा परत घातला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. “ते भाकीत करत नाही, वैजयंताबाई. उत्तर खरं होईल अशी सोय करतं.”

आतून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज आला.

“बंद करा ना मग ते!”

“मंचाच्या समितीला सांगितलं. ते म्हणतात, पुरावा आणा. मार बसलेल्यांचे तर सगळेच पडताळे जुळलेत. सोमवारी जिल्ह्यातले बाकीचे सगळे फलक उजळतील. दीडशेच्या वर उमेदवार गप्प आहेत. हल्ला होऊनही न जुळलेला एक पडताळा मला मिळायला हवा. असा एकही नाही माझ्याकडे. तुळसाबाई तेव्हा जे बोलल्या तेच आज बोलल्या, माझं अजून ठरलेलं नाही एवढंच, तर फलकावरचा शब्द त्यांचा नव्हता हे सिद्ध होईल आणि सोमवारचे फलक मी थांबवू शकतो.”

*

तुळसाक्काचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होता. बोटं काढावी लागली होती. तिचे डोळे कोरडे होते.

“आलीस? काढ तुझं ते,” ती म्हणाली. “इचार.”

“अक्का, आधी माझं ऐक.” वैजयंताने तिला केळुसकरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. गुण कसे मिळतात, यंत्र काय शिकलं, सोमवारी काय होणार.

“म्हंजे माझ्या गणपाला गुणांसाठी मारलं,” तुळसाक्का शेवटी म्हणाली.

“हो, अक्का. आणि सोमवारी अजून किती जण जातील. तू एवढंच म्हण, की तुझं ठरलेलं नाही. आधी म्हणाली होतीस तसंच. मी ‘जुळत नाही’ लिहिते.”

“यंत्रात हात व्हते का, वैजू? सळई यंत्रानं धरली व्हती?” तुळसाक्का उशीवर थोडी वर सरकली. “सा वरसं मी त्या इराप्पाला वाढलं. त्याची बायको बाळंत झाली तवा डिंकाचं लाडू मी केलं. त्या सगळ्यांची तोंडं बघितली मी, हात तव्यावर असताना. आता मला इचार, प्रोसेस बंद करायच्या का.”

“अक्का…”

“इचार!”

“प्रोसेस बंद कराव्यात का?”

“कराव्यात. कुलपं घाला. त्यांची लेकरं उपाशी मरूदेत, मला कायबी वाटायचं न्हाई.” तिचा आवाज चढला नव्हता. “हे माझं उत्तर हाय. लिव.”

वैजयंताच्या हातातल्या पडताळ्याच्या पाटीच्या पडद्यावर दोन चौकटी होत्या, ‘जुळते’ आणि ‘जुळत नाही’. तिचं बोट दुसऱ्या चौकटीवर जाऊन थांबलं. अर्ध्या क्षणाचं काम होतं. सही नको, साक्षीदार नको.

“रकमाच्या लेकाचा, त्यांच्या लेकरांचा, सगळ्यांचा इचार करत व्हते, तवा माझं बोलणं तुझ्या रकान्यात बसलं न्हाई,” तुळसाक्का म्हणाली. तिला ते बोट दिसत होतं. “आता बसतंय. आणि आता तू दुसरंच लिवणार?”

बाहेर केळुसकर येरझाऱ्या घालत होते, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. दीडशेच्या वर नावं होती, त्यांतलं एकही तिला माहीत नव्हतं. समोर ही एक बाई होती. तिने बोट तसंच धरून ठेवलं.

तुळसाक्काने डावा हात उचलला, तिचं मनगट बाजूला सारलं आणि स्वतःच पहिली चौकट दाबली.

वैजयंता संध्याकाळच्या एसटीने वडसंगीत उतरली तेव्हा चौकात गर्दी होती, पण काठ्या नव्हत्या. सगळे वर बघत होते. सातव्या प्रश्नाखालचा फिकट ‘होय’ काळा झाला होता.

फलकाखाली इराप्पाची बायको उभी होती. काखेत लहान मूल, हातात कोठडीत द्यायचा जेवणाचा डबा. वैजयंताला बघताच ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. या तीन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा तरतरी दिसत होती.

“बघा, बाई,” ती फलकाकडे बोट करून म्हणाली. “तिच्या मनात हेच व्हतं. आमच्या मालकानं उगाच न्हाई मारलं.”